एकाच गळ्यात दोन मराठी

मुंबई दूरदर्शनवर ज्या बाई स्वच्छ, संथ, एकेक अक्षर तोलून बातम्या वाचत, त्याच बाई रंगमंचावर फुलं विकणारी मंजुळा साळुंखे व्हायच्या आणि तोंडाचा पट्टा सोडायच्या. भक्ती बर्वे यांच्यावरचं बरंचसं लेखन हे सांगून लगेच पुढे सरकतं. मग येतं 'ती फुलराणी'मधलं गाजलेलं स्वगत, टाळ्यांचा कडकडाट, हजारावर प्रयोग आणि शेवटी द्रुतगती मार्गावरचा अपघात. मला मात्र त्या पहिल्या गोष्टीपाशीच थांबावंसं वाटतं. मंजुळेच्या रांगड्या बोलण्यात भक्तीबाईंचं मोठेपण आहेच. पण त्याहून जास्त ते या दोन मराठींच्या मधल्या अंतरात आहे. ते अंतर त्या प्रत्येक प्रयोगात, प्रेक्षकांच्या डोळ्यांदेखत, एकेक पाऊल टाकत पार करायच्या.

मी हे सिद्धेश्वरहून लिहितो आहे. हिंगोली जिल्ह्यातल्या औंढा नागनाथ तालुक्यातलं हे गाव धरणामुळे ओळखलं जातं. पूर्णा नदी वर येलदरीला अडते, तिथून सुटलेलं पाणी सिद्धेश्वरच्या जलाशयात येतं आणि पुढे कालव्यांनी वसमत, परभणी, नांदेडकडच्या शिवारांत जातं. इथं रंगमंदिर नाही. व्यावसायिक नाटक बघायचं तर नांदेड किंवा परभणी गाठायचं, नाही तर थेट औरंगाबादचं संत एकनाथ रंगमंदिर. त्यामुळे आमच्याकडच्या माणसांना भक्ती बर्वे आधी कळल्या त्या आवाजातून आणि पडद्यावरून. प्रत्यक्ष प्रयोग बघितलेले थोडे. तरीही हे नाटक आमचं आहे असं मी म्हणतो, आणि त्याचं कारण भाषा.

सप्टेंबर १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राजवटीत होता. कचेरीची भाषा उर्दू, घरातली मराठी. आणि घरातली मराठीही पुण्या-मुंबईच्या पुस्तकातली नव्हे. आम्ही 'मी जायलोय', 'काय करायलास' म्हणतो, 'का' विचारायचं तर 'कामून' विचारतो. ही बोली घेऊन आमची मुलं शिकायला पुण्याला गेली की पहिले काही महिने गप्प राहतात. वर्गात तोंड उघडलं की कुणीतरी वळून बघतं, हसतं. मग मुलगा हळूहळू दुसरी मराठी शिकतो. सुट्टीला गावी आला की जुनी बोलतो आणि परत जाताना एसटीतच नवी चढवतो. मंजुळा साळुंखेला नाटकात जे सोसावं लागतं, ते इथल्या हजारो पोरापोरींनी नाटकाचं नावही न ऐकता सोसलेलं आहे.

भक्ती बर्वे यांचा जन्म १० सप्टेंबर १९४८ चा. रंगमंचाशी त्यांची ओळख झाली बालनाट्यातून, सुधा करमरकर यांच्या 'लिटल थिएटर'मध्ये. सुधाताईंनी अमेरिकेत जाऊन बालरंगभूमीचा अभ्यास केला होता. परत आल्यावर १९५९ साली त्यांनी रत्नाकर मतकरी यांचं 'मधुमंजिरी' रंगमंचावर आणलं आणि मराठीत मुलांसाठी नीट नेपथ्याचं, नीट प्रकाशयोजनेचं, मोठ्यांच्या नाटकाइतकंच गंभीरपणे बसवलेलं नाटक उभं राहिलं. या शाळेत तयार झालेल्या नटांना एक गोष्ट लवकर कळते. मुलं भिडेखातर टाळ्या वाजवत नाहीत. शब्द कळला नाही की ती चुळबुळ करतात, खोटं वाटलं की मोठ्यानं बोलू लागतात. शेवटच्या रांगेतल्या सहा वर्षांच्या पोरापर्यंत वाक्य पोचवायचं तर आवाज नुसता चढवून भागत नाही, शब्दाची कड स्पष्ट लागते. भक्तीबाईंच्या बोलण्यातली ही कड शेवटपर्यंत टिकली.

पुढे आकाशवाणीवर निवेदन आणि मग दूरदर्शन. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झालं. त्या पहिल्या वर्षांत पडद्यावर दिसणाऱ्या थोड्या चेहऱ्यांपैकी एक भक्ती बर्वे यांचा होता. निवेदकाचं काम वरून सोपं दिसतं, पण त्याची शिस्त नटाच्या कामाच्या नेमकी उलटी असते. बातमी आनंदाची असो की दु:खाची, आवाजानं बाजू घ्यायची नाही. श्वास ऐकू येऊ द्यायचा नाही. वाक्याच्या शेवटी स्वर खाली सोडायचा, पण क्रियापद गिळायचं नाही. 'ण' आणि 'न', 'ळ' आणि 'ल', 'श' आणि 'स' यांची गल्लत तर चालतच नाही. प्रमाण मराठी म्हणून ज्या उच्चारांकडे बोट दाखवलं जातं, ते लाखो घरांत अशा थोड्या आवाजांनी पोचवले. आमच्याकडे दूरदर्शन उशिरा आलं, ऐंशीच्या दशकात. त्याआधी रेडिओ होता. पण शाळेतल्या गुरुजींखेरीज 'तशी' मराठी कानावर पडायची ती यांच्याच तोंडून.

म्हणजे १९७५ साली भक्ती बर्वे 'ती फुलराणी'त उभ्या राहिल्या तेव्हा नाटकातल्या प्राध्यापकाला मंजुळेच्या तोंडून जी मराठी हवी होती, ती त्या नटीकडे आधीपासूनच होती. तिला उलटा प्रवास करायचा होता. शिकलेलं विसरायचं, अडाणी व्हायचं आणि मग तेच पुन्हा शिकतो आहोत असं खरं वाटेल असं शिकायचं.

नाटकाची मूळ गोष्ट जुनी आहे. ओव्हिड या रोमन कवीनं सांगितलेली पिग्मॅलियनची कथा अशी, की एक शिल्पकार आपणच घडवलेल्या मूर्तीच्या प्रेमात पडतो आणि देवीच्या कृपेनं मूर्ती जिवंत होते. जॉर्ज बर्नार्ड शॉनं ही कथा लंडनच्या रस्त्यावर आणली. मूर्तिकाराच्या जागी उच्चारशास्त्राचा प्राध्यापक हेन्री हिगिन्स, मूर्तीच्या जागी फुलं विकणारी एलायझा डूलिटल. मित्राशी पैज लागते, की सहा महिन्यांत हिची बोली बदलून हिला उमरावांच्या मेळाव्यात खपवून दाखवीन. हिगिन्सच्या स्वभावात हेन्री स्वीट या खऱ्या उच्चारशास्त्रज्ञाची छटा असल्याचं शॉनंच प्रस्तावनेत लिहिलं आहे. इंग्रजीच्या लिपीवर शॉचा इतका राग होता, की नवी लिपी तयार व्हावी म्हणून त्यानं मृत्युपत्रात पैसे ठेवले. भाषेवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या समाजाबद्दलची चीड त्याच्यात खोलवर होती आणि नाटकातल्या विनोदाखाली तीच धगधगते.

'पिग्मॅलियन' पहिल्यांदा झालं ते १९१३ साली व्हिएन्नामध्ये, जर्मन भाषेत. इंग्रजीत ते लंडनला ११ एप्रिल १९१४ रोजी आलं. पहिली इंग्रजी एलायझा होती मिसेस पॅट्रिक कॅम्पबेल. तेव्हा तिचं वय एकोणपन्नास होतं, एलायझा मात्र विशीच्या उंबरठ्यावरची. त्या काळी मोठ्या नटीची मोठी भूमिका म्हणजे वय आड येत नसे. पुढे अमेरिकेत १९२६ साली थिएटर गिल्डच्या प्रयोगात लिन फाँटेन हिनं एलायझा केली. १९५६ साली ब्रॉडवेवर त्याच गोष्टीचं संगीतक झालं, 'माय फेअर लेडी'. वीस वर्षांची ज्यूली अँड्र्यूज त्यात एलायझा झाली आणि हे संगीतक २,७१७ प्रयोग चाललं. १९६४ साली चित्रपट निघाला तेव्हा निर्मात्यांनी ऑड्री हेपबर्नला घेतलं आणि तिच्या बऱ्याचशा गाण्यांना आवाज दिला मार्नी निक्सन हिनं. रंगमंचावर रोज रात्री ती भूमिका जगलेली नटी बाहेर राहिली. नाटकातली भूमिका नटीची कितीही असली तरी तिचा ताबा पडद्याच्या बाजारात टिकत नाही, याचं हे ठळक उदाहरण.

आपल्याकडे या नाटकाला पु. ल. देशपांडे भेटले, आणि त्यांच्या 'ती फुलराणी'तून रूपांतर कसं करावं याचा एक वस्तुपाठच तयार झाला. लंडनमध्ये शब्दाच्या सुरुवातीचा 'ह' गाळला की माणसाचा वर्ग उघडा पडतो. मराठीत तसं एकच खूण दाखवून भागत नाही. आपल्याकडे बोलण्यातून वर्ग कळतो, जात कळते, जिल्हा कळतो, कधी कधी नदीचा कुठला काठ तेही कळतं. पुलंनी त्यामुळे उच्चारांच्या बरोबरीनं शिव्या, म्हणी, हेल, वाक्याची ठेवण असं सगळंच घेतलं. मंजुळेची बोली मुंबईच्या रस्त्यावरची आहे, आमच्याकडची नाही. पण तिच्या वाक्यांना जे हसतात, ते आमच्या वाक्यांनाही त्याच जागी हसतात.

आणखी एक गोष्ट क्वचितच सांगितली जाते. ज्या स्वगतामुळे भक्ती बर्वे घराघरांत पोचल्या, मास्तरला कशी अद्दल घडवीन याची मनोराज्यं रचणारं ते स्वगत, त्याला शॉच्या मूळ नाटकात जोड नाही. तिथं एलायझा रडते, ओरडते, पुढे चपलाही फेकून मारते, पण एकटीनं उभं राहून सूडाची स्वप्नं रंगवत नाही. तशी जागा 'माय फेअर लेडी'त गाण्याच्या रूपानं आली. पुलंनी ती मराठीत गाण्यावाचून, लयीत बोलायच्या मजकुरावर उभी केली. वाद्यांचा आधार नाही, चाल नाही. लय सांभाळायची, शब्द सांभाळायचे, राग खरा ठेवायचा आणि प्रेक्षकांना हसू द्यायचं, हा सगळा भार एका नटीच्या श्वासावर.

त्या स्वगताची ध्वनिचित्रफीत आज मोबाइलवर सापडते. ती बघताना एक गोष्ट लक्षात येते. भक्तीबाईंची मंजुळा आपण विनोदी आहोत हे जाणत नाही. ती हसवायला उभी राहत नाही, तिला खरंच लागलेलं असतं. रागाची पट्टी चढत जाते, मनोराज्यात ती मोठी होते, मास्तर लहान होतो आणि त्या भराऱ्यांच्या खाली एक हुंदका सतत वाहत असतो. प्रेक्षक हसतात खरे, पण तिला हसत नाहीत. तिच्या बाजूनं हसतात. बोलीतल्या माणसावर हसणं आणि त्याच्या बाजूनं हसणं यांतला फरक लेखक कागदावर पूर्ण राखू शकत नाही, तो राखते नटी. हीच भूमिका थोडी उथळपणे केली की नाटक अडाणी पोरीची टिंगल होऊन बसतं, आणि तसं झालेलं मी हौशी प्रयोगांत पाहिलं आहे.

पण माझ्या मते भूमिकेचा अवघड भाग स्वगतानंतर सुरू होतो. शॉच्या नाटकात एक प्रसंग आहे: एलायझाचे उच्चार शिकून झालेत, पण बोलायचं काय हे तिला अजून कळलेलं नाही. हिगिन्सच्या आईकडे आलेल्या पाहुण्यांपुढे ती निर्दोष उच्चारांत आपल्या गल्लीतल्याच गोष्टी सांगते. ओठांवर नवी भाषा आणि मनात जुनी, अशी ही अवस्था. नटीला इथं उच्चार शंभर टक्के शुद्ध ठेवावे लागतात आणि तरी ते उसने आहेत हे दाखवावं लागतं. शब्द जरा जास्त गोल, जरा जास्त सावकाश, दोन शब्दांमध्ये नको तेवढी जागा. ज्या बाईनं आयुष्यभर निवेदन केलंय तिला स्वतःची भाषा परकी करून दाखवायची असते. आणि शेवटी ती भाषा मुलीची स्वतःची होते, तेव्हा हेही दिसायला हवं की आता ती शिकवणाऱ्याच्या हाती राहिलेली नाही. शॉचा सगळा कटाक्ष इथं होता. एलायझानं हिगिन्सशी लग्न केलेलं त्याला मुळीच नको होतं. लंडनच्या प्रयोगात हिगिन्स करणारा बीअरबोम ट्री शेवटी फुलं फेकून प्रेमाचा शेवट सुचवायला लागला, तेव्हा शॉ संतापला. पुढे छापील नाटकाला त्यानं उपसंहारच जोडला आणि एलायझाचं लग्न फ्रेडी नावाच्या तरुणाशी लावून दिलं. शिकलेली मुलगी शिकवणाऱ्याचं बक्षीस नव्हे, एवढं त्याला ठणकावून सांगायचं होतं.

प्राध्यापकाच्या भूमिकेत सतीश दुभाषी होते. निर्मिती इंडियन नॅशनल थिएटरची, दिग्दर्शन पुलंचंच. दुभाषी हा बुद्धिमान, धारदार नट. त्याच्यासमोर मंजुळा नुसती गोड राहिली असती तर वाहून गेली असती. याच संस्थेच्या गुजराती रंगभूमीवर मधु राय यांच्या 'संतु रंगीली'त सरिता जोशी यांनी ही फुलवाली गाजवली. उर्दूत बेगम कुदसिया झैदी यांनी या नाटकाला 'आज़र का ख़्वाब' हे रूप दिलं. आपल्या देशात ही गोष्ट भाषा बदलत फिरत राहिली, कारण प्रत्येक भाषेत एक 'चांगली' आणि एक 'वाईट' बोली आहे आणि त्यांच्यामध्ये कुणीतरी मुलगी उभी आहे.

मराठी रंगभूमीवर बाई उभी राहायला किती काळ लागला हेही इथं आठवतं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आपल्याकडच्या गाजलेल्या नायिका पुरुषच रंगवत. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ साली स्वतःची नाटक कंपनी काढली. १ जुलै १९३३ रोजी नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक या सुशिक्षित घरांतल्या स्त्रिया रंगमंचावर आल्या. तेही नॉर्वेच्या ब्यर्नसनच्या नाटकाचं रूपांतरच होतं. तिथून मंजुळेपर्यंत अवघी बेचाळीस वर्षं. नटीनं रंगमंचावर तोंड सोडून भांडावं, घामेजलेलं दिसावं, आणि लोकांनी तिच्यावर माया करावी, हे या बेचाळीस वर्षांनी शक्य केलं.

फुलराणीच्या आधीच भक्तीबाई विजया मेहतांच्या दिग्दर्शनाखाली 'अजब न्याय वर्तुळाचा'मध्ये होत्या. ब्रेख्टच्या 'कॉकेशियन चॉक सर्कल'चं चिं. त्र्यं. खानोलकरांनी केलेलं हे रूपांतर, आणि बसवताना विजयाबाईंच्या सोबत जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ बेनेविट्झ. ब्रेख्टच्या नाटकात नटानं पात्रात बुडून जाऊ नये, पात्राकडे जरा बाजूनं पाहत ते दाखवावं, अशी अपेक्षा असते. मंजुळेसारखी भूमिका पुढे वर्षानुवर्षं न शिळावता करता येण्यात या शिस्तीचा वाटा असणार असं मला वाटतं. हजारावर प्रयोगांत प्रत्येक वेळी खरंखुरं रडून कुणाचाच गळा टिकत नाही.

त्यांची हिंदी चित्रपटांतली ओळख मात्र एकाच भूमिकेवर टिकून आहे. १९८३ सालच्या कुंदन शाह यांच्या 'जाने भी दो यारों'मधली 'खबरदार'ची संपादक शोभा. गोड बोलणारी, तळमळीनं सत्याचा शोध घेणारी वाटणारी ही बाई पुढे सौदेबाज निघते. निवेदिकेच्या विश्वासार्ह आवाजाचा इतका चतुर उपयोग दुसऱ्या कुठल्या चित्रपटात मी पाहिलेला नाही. तिच्या तोंडून आलेलं खोटं आपल्याला खरं वाटतं, कारण तो आवाज खोटं बोलू शकेल असं आपल्या कानाला वाटत नाही. तरी चित्रपटांनी त्यांना फार काही दिलं नाही आणि त्यांनीही रंगमंच सोडला नाही.

अशोक पाटोळे यांचं 'आई रिटायर होतेय' हे त्यांचं दुसरं मोठं यश. नवरा निवृत्त होतो, मग आईनंच का होऊ नये, असा साधा प्रश्न घेऊन एक गृहिणी घरकामातून निवृत्ती जाहीर करते आणि घराची वीण उसवते. हेच नाटक गुजरातीत पद्माराणी यांनी केलं आणि तिथंही ते तुफान चाललं. मंजुळा रस्त्यावरून घरात येते. ही आई घरातल्या घरात संप करते. दोघींनाही आपल्यासाठी कुणी वापरलेली भाषा नको आहे. या नाटकात भक्तीबाईंच्या हाती रंगीत बोली नव्हती, सूडाची स्वगतं नव्हती. मध्यमवर्गीय घरातली रोजची, सपक झालेली वाक्यं होती. त्या वाक्यांतून प्रेक्षागृहातल्या बायकांना गदगदून आणणं, हे मला फुलराणीपेक्षा कमी वाटत नाही. १९९० साली त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला.

मग १९९५च्या सुमारास आलं 'गांधी विरुद्ध गांधी', आणि इथं मराठवाड्याचा धागा जुळतो. नाटक लिहिलं औरंगाबादच्या अजित दळवी यांनी, दिनकर जोशी यांच्या गुजराती कादंबरीवरून. दिग्दर्शन चंद्रकांत कुलकर्णी यांचं, तेही औरंगाबादच्याच 'जिगीषा' या नाट्यसंस्थेतून आलेले. आमच्या भागातल्या पोरांनी लिहिलेलं, बसवलेलं नाटक मुंबईच्या रंगभूमीवर उभं राहिलं आणि त्यात भक्ती बर्वे कस्तुरबा झाल्या. अतुल कुलकर्णी गांधीजी, तुषार दळवी त्यांचा मुलगा हरिलाल. बापाच्या तत्त्वात आणि मुलाच्या दु:खात सापडलेली ही बाई. तिला शाळेची भाषा नाही, भाषणाची भाषा तर नाहीच. नवऱ्याच्या शब्दांनी देश हलतो आणि हिला मुलासाठी दोन वाक्यं बोलायला जागा सापडत नाही. हरिलालची वाताहत ती बघत राहते. १९४४ साली आगाखान पॅलेसच्या कैदेत तिचा शेवट होतो, आणि हरिलाल १९४८ साली, गांधीजींच्या हत्येनंतर काही महिन्यांनी जातो.

मंजुळा आणि कस्तुरबा या दोन भूमिका शेजारी ठेवल्या की भक्ती बर्वे यांची झेप कळते. एकीकडे शब्दांचा धबधबा, दुसरीकडे न बोललेली वाक्यं. दोघींपुढे एक शिकवणारा पुरुष उभा आहे, आपलं बरोबरच आहे याची खात्री असलेला. मंजुळा त्याला सुनावते. कस्तुरबा ऐकून घेते, आणि तिच्या ऐकण्यातच विरोध असतो. वीस वर्षांच्या अंतरानं एकाच नटीनं ही दोन टोकं गाठली. मधल्या काळात दूरदर्शनसाठी त्यांनी बहिणाबाई चौधरीही उभ्या केल्या. अक्षरओळख नसलेल्या, खानदेशी बोलीत रचना करणाऱ्या त्या कवयित्रीला पडद्यावर आणण्यासाठी प्रमाण मराठीची निवेदिका निवडली गेली आणि ती निवड योग्य ठरली, यातच त्यांच्या गळ्याची रुंदी आली.

त्यांचे पती शफी इनामदार हेही रंगभूमीचेच. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत वावरणारे नट आणि दिग्दर्शक. 'ये जो है ज़िंदगी'मुळे घरोघर माहीत झालेले. १३ मार्च १९९६ रोजी ते गेले, वय पन्नास. त्यानंतरही भक्तीबाई काम करत राहिल्या. 'पु. ल., फुलराणी आणि मी' हा एकपात्री कार्यक्रम त्या करत. नाव बघा: लेखक, भूमिका आणि नटी, तिघं एकाच ओळीत. एखादी भूमिका नटीला इतकी चिकटते की बाकीचं काम झाकोळतं, आणि पुष्कळ नट अशा भूमिकेवर चिडतात. त्यांनी तिच्याशी वैर धरलं नाही. नाटक, नेपथ्य, सहनट सगळं बाजूला ठेवून त्या एकट्या तिच्यासकट लोकांपुढे गेल्या आणि ती आपल्याला कशी भेटली ते सांगत राहिल्या.

१२ जून २००० रोजी पु. ल. गेले. बरोबर आठ महिन्यांनी, १२ फेब्रुवारी २००१ रोजी, वाईहून मुंबईला परतताना नव्या मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर भाताण बोगद्याजवळ झालेल्या मोटार अपघातात भक्ती बर्वे गेल्या. वय बावन्न. मराठी नटाचं निम्मं आयुष्य रस्त्यावर जातं. दुपारी निघायचं, रात्री प्रयोग, मेकअप उतरवून परत गाडी, पहाटे घर. चांगले रस्ते झाले म्हणून दौरे सोपे झाले, पण थकवा तोच राहिला आणि वेग वाढला. आपल्या रंगभूमीनं या रस्त्यांवर किती माणसं गमावली याचा हिशेब कुणीतरी मांडायला हवा.

मंजुळा त्यांच्याबरोबर संपली नाही. सुकन्या कुलकर्णी, अमृता सुभाष, हेमांगी कवी यांनी आपापल्या परीनं ती केली. २०२३ साली सुबोध भावे आणि प्रियदर्शिनी इंदलकर यांचा 'फुलराणी' हा चित्रपटही आला. आणि व्यावसायिक रंगभूमीच्या बाहेर तर ती सगळ्यात जास्त जिवंत आहे. औंढ्याला, वसमतला, हिंगोलीला शाळेचं स्नेहसंमेलन असो की एकपात्री स्पर्धा, एक तरी मुलगी पदर खोचून ते स्वगत म्हणतेच. तिनं नाटक पाहिलेलं नसतं, शॉचं नाव ऐकलेलं नसतं. पण त्या राग काढण्याच्या परवानगीसाठी ती ते निवडते, हे मला पटतं.

परीक्षक म्हणून बसलो की मी अशा मुलींना एकच सुचवतो. हे स्वगत कराच, पण भक्तीबाईंची नक्कल करू नका. त्यांनी मुंबईच्या फुलवालीची बोली घेतली, कारण मंजुळा तिथली होती. तुमची मंजुळा सिद्धेश्वरच्या बसथांब्यावर फुलं विकत असेल तर ती 'मी जायलेय' म्हणेल, कामून विचारेल, पूर्णेच्या काठचा हेल काढेल. राग तुमच्या बोलीत आला की आवाज आपोआप पोटातून येतो; उसन्या बोलीत तो घशातच अडकतो. आणि दुसऱ्या फेरीसाठी त्याच नाटकातला शेवटाकडचा भाग घ्या, जिथं मुलगी शुद्ध बोलते आणि मास्तरला शांतपणे उत्तर देते. टाळ्या कमी मिळतील. पण तिथं पोचताना उच्चारांवर जी मेहनत घ्यावी लागते, श्वास मोजावा लागतो, एकाच वाक्याची पाच रूपं करून बघावी लागतात, ती मेहनत भक्ती बर्वे यांनी आधी आकाशवाणीच्या माइकसमोर आणि मग दूरदर्शनच्या कॅमेऱ्यासमोर वर्षानुवर्षं केली होती, हे तुम्हाला तेव्हा कळेल.